गोट आधी की धुणं आधी?

एका गावात एक भोळा माणूस राहायचा. गावात शहाणे इतके झाले होते, की भोळेपणाची जागा एकट्या केरबालाच सांभाळावी लागे. तो ती मनापासून सांभाळायचा. सांगितलेलं करायचा. सांगितलं तेवढंच करायचा. आणि सांगितलं तसंच करायचा. आता सांगणाऱ्यांनाच नीट सांगता आलं नाही, तर त्याला केरबा काय करणार?

त्याची बायको हौसा गोधड्या शिवायची. तिचा टाका मुंगीच्या पावलाएवढा. हौसाची गोधडी पांघरली की सकाळी जागच येत नाही, असं लोक म्हणत. जे मुळातच ऊन डोक्यावर आल्याशिवाय उठत नसत, तेही दोष हौसाच्या गोधडीलाच देत.

त्यांची लेक इंदू पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. मुलगा झाला. शुक्रवारी बारसं ठरलं. बाळाला द्यायला हौसाने गोधडी शिवायला घेतली होती, ती केरबाच्या आईच्या पाच लुगड्यांची. म्हातारी जाऊन तीन वर्षं झाली होती. तिची लुगडी ट्रंकेत घडी घालून ठेवलेली होती.

"पणजीच्या मांडीवर न्हाई, तर न्हाई," हौसा म्हणाली. "तिच्या लुगड्यात तरी निजंल पोरगं."

केरबाला ते फार पटलं. त्याने स्वतः ट्रंक उघडली. एकेक लुगडं काढून दिलं. शेवटचं हिरवं लुगडं त्याने जरा जास्त वेळ हातात धरलं. मग तेही दिलं.

हौसाने लुगड्यांना कात्री लावली नाही. घडीवर घडी घातली आणि वरून टाके घातले. सोमवारी टाके संपले. आता फक्त चारी कडा उघड्या होत्या. त्यांच्यावर तांबड्या कापडाची पट्टी मारायची, म्हणजे गोट लावायचा, की झाली गोधडी.

"बाजारातनं दोन वार तांबडं कापड आणा," हौसाने सांगितलं.

केरबा गेला. दोन वार तांबडं कापड घेऊन आला. काही चुकलं नाही. पण हौसाने कापड ओल्या हाताने धरलं आणि तिचे हात कोपरापर्यंत लाल झाले.

"अवो, रंग जातोय की ह्याचा! नवी वस्तू आणली की येताना ओढ्यात बुचकळायची, चांगली पिळायची, आन मगच घरात आणायची. जायचं ते तिकडंच जाऊ दे. आटायचं ते तिकडंच आटू दे."

"बरं," केरबा म्हणाला. त्याने ते डोक्यात पक्कं बसवलं. केरबाच्या डोक्यात जागा भरपूर होती.

मंगळवारी हौसाने त्याला गूळ आणायला पाठवलं. बारशाच्या घुगऱ्यांना गूळ हवा होता. केरबाने चांगली पिवळीधमक ढेप घेतली. नवी वस्तू. येताना ओढा लागला. त्याने ढेप पोत्यासकट पाण्यात बुचकळली. रंग जायला लागला. केरबाला समाधान वाटलं. त्याने आणखी बुचकळली. मग पिळली. मग पुन्हा बुचकळली, कारण रंग अजून जातच होता.

घरी आला तेव्हा त्याच्या हातात ओलं पोतं होतं आणि मागे मुंग्यांची रांग होती.

"गूळ कुठं हाय?"

"आटला," केरबा म्हणाला. "लई आटणारा होता. बरं झालं, तिकडंच कळलं."

हौसाने कपाळावर हात मारून घेतला. "अवो, गोड वस्तू पाण्यात घालत्यात व्हय? गोड काय बी आणायचं असलं, तर चादरीत घालायचं. चारी टोकं वर घेऊन गच्च गाठ मारायची. डोईवर घ्यायचं आन सरळ घरी यायचं. वाटंत कुठं टेकवायचं न्हाई. मुंग्या लागत्यात."

"हे आधी सांगायचं," केरबा म्हणाला.

आणि तो म्हणाला ते खरंच होतं.

बुधवारी इंदूची सासू भागीरथीबाई यायची होती. इंदूला नणंद नव्हती. त्यामुळे बाळाच्या कानात नाव सांगायचा आत्याचा मानही भागीरथीबाईंनी स्वतःकडेच घेतला होता. बाई बाळाला नाव ठेवायला येणार होत्या. बाकी सगळ्यांना नावं ठेवायचं काम त्या साखरपुड्यापासून बिनबोभाट करत होत्या.

"फाट्यावर जावा," हौसा केरबाला म्हणाली. "एसटीनं विहीणबाई येत्यात. त्यांस्नी नीट घेऊन या. आन उगं भिऊ नका. बाई तशी गोड हाय."

ओसरीवरून इंदू ऐकत होती, म्हणून हौसा तसं म्हणाली. पण केरबाने ऐकलं ते ऐकलं. गोड.

तो चादर घेऊन फाट्यावर गेला. एसटी आली. भागीरथीबाई उतरल्या. केरबाने रस्त्याकडेला चादर अंथरली आणि हात जोडून म्हणाला, "बसा."

भागीरथीबाईंना बरं वाटलं. इतका मान त्यांना या गावात पूर्वी कुणी दिला नव्हता. त्या ऐसपैस बसल्या. केरबाने चारी टोकं वर घेतली, गच्च गाठ मारली आणि गाठोडं उचलून डोक्यावर ठेवलं. त्याच्या अंगात रेड्याचं बळ होतं. डोकं सोडलं तर त्याच्याकडे सगळं भरपूर होतं.

मुलीकडच्यांनी विहिणीला डोक्यावर घ्यायची रीतच आहे. पण गावाने ती आजवर अशी पाहिली नव्हती. पारावरचे लोक उठून उभे राहिले.

"खाली ठेव मला!" गाठोडं ओरडलं. "अरे मेल्या, खाली ठेव!"

"टेकवायचं न्हाई," केरबा म्हणाला. "मुंग्या लागत्यात."

"कसल्या मुंग्या?"

"तुम्ही गोड हायसा न्हवं? हौसा म्हणाली."

आपण गोड आहोत हे भागीरथीबाईंना आयुष्यात पहिल्यांदाच कळत होतं. पण तेवढ्याने राग जाईना. घरात गाठ सुटली, त्या बाहेर आल्या आणि अंबाडा सावरत त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "बारसं होऊ दे. आणखी एक जरी असला चाळा झाला, तर सुनेला आन नातवाला घेऊन मी जाते. पुन्हा म्हणून ह्या घराचा उंबरा त्यांस्नी दिसायचा न्हाई."

इंदू आत रडायला लागली. बाळही रडायला लागलं. हौसाने केरबाला परसात नेलं.

"माणसाचं गाठोडं करत्यात व्हय?" ती डोळे पुसत म्हणाली. "आलेल्या जिवाला मोकळं करायचं. गाठी असतील त्या सोडायच्या. वारा लागू द्यायचा. पायावर पाणी घालायचं. दमलेलं असलं तर अंग तुडवून द्यायचं. त्येनं हलकं वाटतं."

"गाठी सोडायच्या. वारा. पाणी. तुडवायचं," केरबाने पाठ केलं. लेक रडलेली त्याला बघवत नव्हती. आता चुकायचं नाही, असं त्याने ठरवलं. तो तसं दर वेळीच ठरवायचा.

गुरुवार उजाडला. गोट लावायचा बाकी होता. तेवढ्यात शेजारची ठकूमावशी आली. ठकूमावशीही एके काळी गोधड्या शिवायची. आता ती फक्त दुसऱ्यांच्या गोधड्या बघायची.

"हौसे, गोट लावायच्या आधी धुऊन घे," ठकूमावशी म्हणाली. "लुगडी तीन वर्षं ट्रंकेत हुती. पाणी लागलं की आटणार. गोट आधी लावलास तर मागनं सुरकुतंल."

"लुगडी जन्मभर धुतलेली हायती, मावशी. आता काय आटत्यात?" हौसा म्हणाली. "कडा उघड्या ठेवून धुतली, तर थर निसटत्यात. दोऱ्यांच्या दशा निघत्यात. आधी गोट, मग धुणं."

"आधी धुणं, मग गोट."

"आधी गोट."

"मी तुझ्या जन्माच्या आधीपासून गोधड्या शिवतीया."

"म्हणून तर त्या फाटल्या."

झालं. आवाज पारापर्यंत गेला आणि पारावर दोन तट पडले. अर्धे म्हणाले आधी धुणं, अर्धे म्हणाले आधी गोट. त्यातल्या एकानेही जन्मात सुई धरली नव्हती, त्यामुळे चर्चा फार मोकळेपणाने झाली. भागीरथीबाईंनी आतूनच सांगितलं, की त्यांच्याकडे गोधडी मळतच नाही. कारण त्यांच्याकडे मळकी माणसं नसतात.

ऊन चढलं तशी हौसा भांडण अर्धं टाकून उठली. गावात बारशाचं आवतण द्यायचं राहिलं होतं. जाताना तिने केरबाला बजावलं, "मी येईपतोर गोधडीला हात लावू नका."

"न्हाई लावत."

ती गेली. ठकूमावशीने तिची पाठ वळायची तेवढी वाट पाहिली. मग म्हणाली, "केरबा, ती जिद्दीला पेटलीया. पोराच्या अंगावर धूळ जाईल बघ. तू आपला ओढ्यावर नेऊन धू."

केरबा विचारात पडला. बायको म्हणते हात लावू नका. मावशी म्हणते धू. मोठ्यांचं ऐकलं पाहिजे. बायकोचं त्याहून ऐकलं पाहिजे. त्याने दोघींचंही ऐकलं. एक काठी घेतली, गोधडी काठीवर उचलली आणि हात न लावता ओढ्यावर नेली.

ओढ्यावर त्याला आठवलं. आलेल्या जिवाच्या गाठी सोडायच्या. गोधडी आईच्या लुगड्यांची, म्हणजे जीवच, आणि ओढ्यावर आलेलीही होती. गोधडीच्या कडेला प्रत्येक दोऱ्याच्या शेवटाला गाठ होती. हात तर लावायचा नव्हता. मग केरबा पालथा झोपला आणि त्याने दातांनी गाठी सोडल्या. एकशे चाळीस गाठी. जबडा दुखायला लागला, पण त्याने एकही गाठ सोडायची सोडली नाही.

मग वारा लागू दिला. मग पाणी. मग तो पायांनी गोधडी तुडवायला लागला.

गोधडीला खरंच हलकं वाटलं. आधी दोरे निघाले. मग वरचा थर सरकला. मग पाचही लुगडी उलगडली आणि पाण्याबरोबर निघाली. पुढे निळं, मागे दोन तपकिरी, मग जांभळं. सगळ्यात शेवटी हिरवं. पदर पसरून, सावकाश. म्हातारी बाजाराला जायची तसं.

केरबा पाहतच राहिला.

"आये!" तो ओरडला. "आये, थांब!"

हिरवं लुगडं थांबलं नाही. म्हातारी जिवंत असतानाही हाकेला कधी थांबली नव्हती.

केरबा पाण्यात धावला. दगडावरून पडला, उठला, पुन्हा पडला. निळं करंजाच्या मुळीला अडकलेलं मिळालं. तपकिरी दोन्ही बांधाशी मिळाली. जांभळं एका म्हशीच्या शिंगात होतं. हिरव्यासाठी तो गळ्याएवढ्या पाण्यात गेला, त्याला पोहता येत नव्हतं तरी. हाताने धरायचं नाही हे तेव्हा त्याच्या लक्षात राहिलं नाही. त्याने ते दोन्ही हातांनी छातीशी धरलं आणि काठावर बसून लहान पोरासारखा रडला.

हौसा परत आली. दारात नवरा उभा होता, नखशिखान्त भिजलेला. हातात पाच ओली लुगडी.

"गोधडी?"

"हलकी झाली," केरबा म्हणाला.

हौसा खाली बसली. एकदाच मोठ्याने रडली. मग तिने केरबाचे फुटलेले गुडघे पाहिले, त्यांना हळद लावली आणि लुगडी उन्हात टाकली. ऊन कडक होतं. तासाभरात वाळली. ठकूमावशी सुई घेऊन आली आणि समोर बसली. आपलं चुकलं, असं ती म्हणाली नाही. ती फक्त म्हणाली, "काय बी म्हण, लुगडी स्वच्छ निघाली." हौसाने तिच्याकडे असं पाहिलं, की मावशीने पुढचे दोनशे टाके मान वर न करता घातले.

भागीरथीबाई दुपारची झोप काढत होत्या. त्यांना काही कळलं नाही. माणसं गोड झोपली की घरात शांतता राहते.

दिवेलागणीला गोट लावून संपला. मग हौसाने केरबाला समोर बसवलं. त्याच्या हातात सुईदोरा दिला आणि दात आवळून एकेक शब्द सांगितला.

"आता ध्यानात ठेवा. आधी कडा शिवायच्या. उघडी कड दिसली, लोंबत्या दशा दिसल्या, की पहिला टाका घालायचा. चारी बाजूंनी. कुणाला इचारायचं न्हाई. कुणाचं ऐकायचं न्हाई. कडा शिवून झाल्याबिगर पाण्याचा थेंब टाकायचा न्हाई. शिवल्यावर मग धुवा, बडवा, काय वाट्टंल ते करा."

"आधी कडा. मग पाणी. मग बडवायचं," केरबा म्हणाला.

तिने त्याला एका जुन्या पोत्यावर टाका घालायला शिकवला. केरबाचा हात नवल वाटावं इतका चांगला वळला. टाका बारीक, दोरा पक्का. हौसाला वाटलं, चला, लग्नानंतर बावीस वर्षांनी का होईना, एक गोष्ट तरी याच्या नीट ध्यानात आली.

शुक्रवारी बारसं झालं. ओसरीवर जाजम अंथरलं. गावच्या बायका दाटीवाटीने बसल्या. मधे पाळणा टांगलेला. पाळण्यात गोधडी, गोधडीत बाळ. भागीरथीबाई नवंकोरं लुगडं नेसून सगळ्यांच्या पुढे बसल्या. त्यांनी गोधडी चाचपली. उलटी केली. गोट पाहिला. कोपरे पाहिले. बायकांनी माना उंचावल्या.

"बरी हाय," भागीरथीबाई म्हणाल्या.

भागीरथीबाईंनी कशालाही बरं म्हटल्याची नोंद त्यांच्या घरातही नव्हती. हौसाला भरून आलं. इंदू हसली. आता नाव ठेवायचं, घुगऱ्या वाटायच्या, की सगळं पार पडलं.

हौसाने केरबाला बायकांच्या मागे भिंतीशी बसवलं होतं. "एक शबूद बोलायचा न्हाई," एवढंच सांगितलं होतं.

केरबा एक शब्द बोलला नाही. बायका पाळणा म्हणायला लागल्या. तो बघत बसला. बघता बघता त्याला भागीरथीबाईंचा पदर दिसला. नवं लुगडं. कड उघडी. दशा लोंबतायत.

सुई त्याच्या टोपीलाच टोचलेली होती.

त्याने कुणाला विचारलं नाही. पुढे सरकला आणि पदर शेजारी टेकलेल्या जाजमाच्या कडेला शिवून टाकला. मग त्याला दिसलं, की ठकूमावशीचाही पदर उघडा आहे. तो भागीरथीबाईंच्या पदराला जोडला. मग तिसरीचा, चौथीचा. गावच्या बायकांचे पदर इतके दिवस उघडे होते आणि कुणी लक्षच दिलेलं नव्हतं. केरबाने एका बाजूने सुरुवात केली आणि चारी बाजू पुऱ्या केल्या. पाळणा चांगला लांबलचक होता. हौसाने एकदा मागे वळून पाहिलं. नवरा खाली मान घालून गप्प बसलेला दिसला. तिला समाधान वाटलं.

पाळणा संपला. केरबा उठून परसात गेला.

भागीरथीबाई हसत पाळण्यावर वाकल्या आणि बाळाच्या कानात नाव सांगितलं. ते बाळाने ऐकलं. बाकीच्यांना सांगायला त्या मोठ्या रुबाबात उठल्या आणि वळल्या.

त्यांच्याबरोबर ठकूमावशी उठली. तिला उठायचं नव्हतं. तिच्याबरोबर तिसरी उठली. जाजम उठलं. जाजमावरचं घुगऱ्यांचं पातेलं कलंडलं. बावीस बायका एकदम एकीकडे ओढल्या गेल्या, मग दुसरीकडे, मग एकमेकींच्या अंगावर पडल्या. सगळ्यात खाली ठकूमावशी होती. तिच्यावर भागीरथीबाई. फक्त पाळणा जागच्या जागी होता आणि त्यात बाळ खुशाल झोपलं होतं.

"कुणी केलं हे?" भागीरथीबाई किंचाळल्या. "मी आता ह्या घरात घटकाभर थांबायची न्हाई!"

आणि त्या थांबल्या. दुसरा इलाज नव्हता. टाका पक्का होता.

"अवो!" हौसा परसाकडे बघून ओरडली. "हे काय करून ठेवलंत? बोला की आता!"

बोलायची परवानगी मिळाली, तसा केरबा दारात आला. त्याच्या काखेत रिठ्याच्या फेसाचा मोठा हंडा होता. खांद्यावर धुण्याचं धोपाटणं होतं. चेहऱ्यावर, आयुष्यात एकदा तरी सगळं क्रमाने केल्याचं समाधान होतं.

"आधी कडा शिवल्या," तो म्हणाला. "चारी बाजूंनी."

आणि त्याने हंडा ओतला.

बावीस बायका नखशिखान्त भिजल्या. फेस उंबऱ्यापर्यंत गेला. केरबाने बाह्या मागे सारल्या, धोपाटणं दोन्ही हातांत नीट धरलं आणि हौसाकडे वळून अगदी आदराने विचारलं,

"एवढं एक सांगायचं राहिलं तुझं. आधी कुणाला बडवू? विहीणबाईंना की मावशीला?"